खमीर कोणाच्या पोटात?

"पंधरा दिवस नुसतं कुटार अन् वरून चिमूटभर खमीर! डिंपल फुगून टम्म नाही झाली तर नावाचा यशवंतराव नाही!"

डिंपल म्हणजे मेंढी. यशवंतरावांचा सारा जन्म सौसरच्या कचेरीत शिक्के मारण्यात गेलेला, आणि मेंढीचं ज्ञान मोबाइलवरच्या एका व्हिडिओतलं. खमिरानं म्हणे कुटारासारखा वाळका, निकस चाराही पचतो, अंगी लागतो!

"लावता पैज, भाऊजी?" मेहुणा गजानन मिशीत हसला.

"लावतो! खमीर ज्याच्या पोटात जाईल त्याचं वजन वाढलं नाही, तर डिंपल तुही!"

वजनकाटा बरोबर आहे का हे पाहायला यशवंतराव आधी स्वतःच चढले. एकाहत्तर किलो. मग डिंपल. अठ्ठावीस.

त्यांच्या बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. कोकरू असताना आई मेलेल्या डिंपलला त्यांनी बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं, आणि हा माणूस तिला पैजेवर लावून मोकळा!

"अवो, ती गाभण हाय! तिले नुसतं कुटार?"

"तू मधात बोलू नको. सायन्स चालू हाय."

सायन्स म्हणे! कपाळावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्याचं सायन्स! बाईंनी त्याच दुपारी डब्यातलं खमीर काढून तिथं ज्वारीचं पीठ भरलं. नवऱ्याची पाठ वळली की डिंपलला हिरवा पाला. खमीर वाया कशाला घालवायचं? ते गेलं भटुऱ्यांच्या मैद्यात. यशवंतराव रोज सहा-सहा हाणत होते!

पंधराव्या दिवशी गजानन आला, गुरांची डॉक्टर मृणालही आली. डिंपल काट्यावर चढली. बत्तीस!

"पाह्यलं? चार किलो! खमीर!" यशवंतराव नाचायचेच बाकी होते.

मृणालनं डिंपलचं पोट चाचपलं. "काका, हे खमीर नाही, कोकरू आहे. आज-उद्या व्यायची."

डिंपलनं उद्याची वाट पाहिली नाही. काट्याशेजारीच व्याली!

"म्हणजे खमिरानं काहीच नाही झालं!" गजाननानं डिंपलच्या दाव्याला हात घातला. "मेंढी माही! कोकरू फुकटात!"

यशवंतरावांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात मनकर्णाबाईंना पैजेचे शब्द आठवले.

"थांब गजानन! खमीर ज्याच्या पोटात जाईल त्याचं वजन, असंच ठरलं होतं न?"

"हो. मंग?"

"डिंपलनं तर ज्वारीचं पीठ खाल्लं. खमीर गेलं भटुऱ्यात. अवो, चढा काट्यावर!"

यशवंतराव चढले. पंच्याहत्तर!

मृणाल तोंडाला रुमाल लावून मागे वळली. गजाननानं दावं सोडलं.

"उतरा आता," मनकर्णाबाई कोकराला पुसत म्हणाल्या. "पैज जिंकले तुमी. अन् उद्यापासून नुसतं कुटार तुमाले!"