बावड्याचा दुसरा कॉम्प्युटर

फोन उचलल्यावर लोक हॅलो म्हणतात. आमचे संपततात्या 'न्हाय' म्हणतात. पलीकडं कोण आहे, त्याला काय हवंय, हे कळायच्या आधीच. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "हॅलो म्हणलं की समोरचा लगीच काम सांगतो. न्हाय म्हणलं की जरा दबकतो, मग थोडकंच मागतो." त्यांच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी रस्ता विचारायला फोन केला, तेव्हाही तात्या सवयीनं न्हायच म्हणाले. पाहुण्यांनी गाडी वळवली. तात्यांच्या भावानं मोटरसायकल काढून त्यांना वाटेत गाठलं आणि समजूत घालून परत आणलं. लग्न झालं ते त्यामुळं.

तात्या आमच्या कंपनीच्या बावड्याच्या पॅकहाऊसवर माल रवाना करायचं काम बघतात. केळी आणि डाळिंबं. हेड ऑफिस बारामतीला, एमआयडीसीत. तिथं मी असतो. माझ्या टेबलावर 'सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर' अशी पाटी आहे. जळोचीत आमच्या शेजाऱ्यांचा समज आहे की मी वायरमन आहे, त्यामुळं कुणाचा पंखा बंद पडला की मला बोलावतात. पंखा मला जमतो. म्हणून मी आजवर खुलासा केलेला नाही.

तात्यांना थांबणं हा प्रकार ठाऊक नाही. समोरच्याचं वाक्य ते स्वतःच पुरं करतात, आणि बहुतेक वेळा भलतंच करतात. "तात्या, मी उद्या—" म्हटलं की "रजेवर हाय, कळलं, आटपा," म्हणून फोन ठेवतात. मी बावड्याला येतोय हे त्यांना मी कधीच सांगू शकलेलो नाही. त्यांचा कॉम्प्युटर 'कृपया थांबा' असं म्हणाला की ते सरळ बटण दाबून तो बंद करतात आणि पुन्हा चालू करतात. "मला थांब म्हणणारा ह्यो कोण? माझी केळी थांबत्यात का?"

तर झालं असं. आमच्या विक्री विभागातल्या एकानं कंपनीचा लॅपटॉप सांगवीच्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीत ठेवला आणि तो विसरून घरी आला. लॅपटॉप काही मिळाला नाही. मग साहेबांनी एक सॉफ्टवेअर घेतलं. कंपनीचे सगळे कॉम्प्युटर त्यात नोंदवायचे, म्हणजे कुठला कुठं आहे ते बारामतीत बसून दिसतं, आणि हरवला तर इथूनच त्याला कुलूप घालता येतं. नोंदवायला प्रत्येकी एक परवाना लागतो. ही सगळी जबाबदारी माझ्यावर. सराव म्हणून मी पहिलं कुलूप माझ्याच कॉम्प्युटरला घातलं. ते कसं काढायचं याची माहिती त्याच कॉम्प्युटरमध्ये होती. त्या दिवशी मी दुपारपर्यंत टेबल पुसत बसलो होतो.

बारामतीचं काम संपत आलं तसं लक्षात आलं की परवाने कमी पडताहेत. साहेबांनी यादीवर नजर टाकली. "बावड्याला दोन मशीन कशाला? हनुमंतराव तर आजारी आहेत. त्यांचं मशीन घेऊन या."

हनुमंतराव हे तात्यांच्या समोरच्या टेबलावर बसायचे. पावत्यांचं काम. गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. तेव्हापासून घरीच होते. पगारपत्रकावर नाव होतं एवढंच.

मी इंदापूरवरून बावड्याला पोचलो. तात्यांचा कॉम्प्युटर नोंदवायला काहीच वेळ लागला नाही, कारण पडद्यावर जे जे विचारलं जाईल त्याला ते न वाचताच होकार देत होते. फोनवर न्हाय म्हणणारा माणूस कॉम्प्युटरला इतका होकार देतो, हे मला नवीन होतं.

मग मी समोरच्या टेबलाकडं वळलो. हनुमंतरावांचा कॉम्प्युटर चालू होता. पडदा स्वच्छ पुसलेला. शेजारी टाचण्यांची डबी, कोरे कागद, पाण्याचा भरलेला तांब्या.

"हे कोण वापरतं?" मी विचारलं.

"कोन न्हाय."

"मग चालू कसा?"

"मी लावतो सकाळी. संध्याकाळी बंद करतो."

मी साहेबांचा निरोप सांगितला. या वेळी तात्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं. मग म्हणाले, "न्हाय." पण हे त्यांचं फोनवरचं न्हाय नव्हतं. आवाज फार खाली होता.

"तात्या, परवाना नाही त्याच्यासाठी. मी काय करू?"

"माझ्याचा काढा. त्याला द्या."

"आणि तुम्ही काम कशावर करणार?"

"हातानं लिहीन. पहिलं लिहीतच हुतो की." ते हनुमंतरावांच्या खुर्चीकडं बघत होते. "इंजिनेर, टेबल मोकळं दिसलं की उद्या तितं दुसरा मानूस आनून बसवत्यात. आन एकदा बसवला की ह्यानं यायचं कुठं?"

असं अडलं की मी फोन करतो. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि आणखी एक परवाना मिळेल का विचारलं. तिथल्या बाईंनी माझी सगळी नोंदणी पडद्यावर पाहिली आणि अतिशय सौजन्यानं विचारलं, "सर, तुम्ही एकाच माणसाला तीन-तीन परवाने का दिलेत?"

परवाना माणसाला असतो, मशीनला नाही. एका माणसाच्या परवान्यावर त्याची अनेक मशीन बसतात. साहेबांचा एक कॉम्प्युटर, दोन लॅपटॉप, म्हणून मी साहेबांना तीन परवाने देऊन बसलो होतो. असेच इतरांना. ही गोष्ट माहितीपत्रकात अगदी वर लिहिलेली होती. वरचं मी वाचत नाही, तिथं नेहमी स्वागत वगैरे असतं.

"काय म्हनती बाई?" तात्यांनी विचारलं.

"परवाने पुष्कळ आहेत म्हणते. मीच उधळले होते."

तात्या मला काहीतरी बोलतील म्हणून मी खाली बघत थांबलो. त्यांनी खुर्ची ओढून हनुमंतरावांच्या मशीनसमोर माझ्यासाठी ठेवली.

नोंदणी हनुमंतरावांच्या नावानं सुरू केली. शेवटी मशीननं एक नंबर मागितला. तो ज्याचं नाव त्याच्याच मोबाइलवर जातो, आणि थोड्याच वेळात जुना होतो. तात्यांनी फोन लावला. हनुमंतरावांच्या बायकोनं तिच्या मोबाइलवर उचलला.

"वहिनी, हनमाच्या मोबाइलवर नंबर आलाय. त्याला वाचायला सांगा."

"ते फोनवर बोलत न्हाईत, भावजी. लाजत्यात. मी सांगते की वाचून."

"तुमी नगा सांगू. कंपनीचं काम हाय. त्यालाच द्या."

पलीकडं बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग एक आकडा. शब्द अर्धाच उमटला, पण कळला. दुसरा आकडा यायला इतका वेळ गेला की तेवढ्यात नंबर जुना झाला.

"गेला," मी हळू आवाजात म्हणालो.

"हनमा, दुसरा येतोय बघ," तात्या म्हणाले. "सावकाश. हितं कुनाला घाई न्हाय."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तात्यांनी तिकडं बघितलंही नाही. दुसराही नंबर गेला. पुढच्यात हनुमंतराव शेवटच्या आकड्यावर अडकले. अर्धवट उच्चारावरून तो आकडा काय असणार याचा अंदाज आम्हाला आला होता, पण तात्यांनी तो त्यांच्या तोंडून काढून घेतला नाही. डोळे मिटून बसून राहिले. अखेर एका नंबरचे सगळे आकडे आले. मी दाबले. मशीन नोंदलं गेलं.

"झालं रं," तात्या म्हणाले. पलीकडून हनुमंतराव काहीतरी बोलले. मला समजलं नाही. तात्यांना समजलं असावं, कारण ते हसले आणि त्यांना एक शिवी दिली.

फोन ठेवल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. "इंजिनेर, ह्यो नंबर रोज मागतंय का मशीन?"

"नाही. आता सहसा मागणार नाही. लोकांना त्रास नको म्हणून तसं ठेवलंय."

"मागू द्या की," तात्या म्हणाले. "रोज मागू द्या."

मी बारामतीला आल्यावर सेटिंग बदललं. आता रोज सकाळी ते मशीन नंबर मागतं, तात्या फोन लावतात, आणि हनुमंतराव वाचून दाखवतात. वहिनी म्हणतात, ते आता आधीपासूनच मोबाइल मांडीवर घेऊन बसतात.

परवा साहेबांनी विचारलं, बावड्याचं तेवढं एकच मशीन रोज नंबर का मागतं. मी म्हणालो, माझ्याकडून चुकून तसं झालंय. माझ्या बाबतीत त्यांना हे चटकन पटतं.