पिवळा स्कार्फ आणि मी

विहीणबाईंचा अमेरिकेहून फोटो आला, त्याच दिवशी मी कयाक चालवायचं ठरवलं. (कयाक म्हणजे दोन वीत रुंदीची होडी. तीत बसणं आपल्या हातात, बाहेर येणं नशिबात.)

फोटोत सत्यशीलाबाई कुठल्याशा जंगलातल्या तळ्यात वल्हं घेऊन बसल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'तुम्हाला नाही हो जमायचं, तुम्हाला पाण्याची भीती!' तेही फॅमिली ग्रुपवर, जावयासमोर.

रविवारी ह्यांना घेऊन मी पानशेतच्या पलीकडच्या एका तलावावर गेले. तिकीटवाल्याने विचारलं, "पोहता येतं का?"

"नाही."

"मग मधेच उतरू नका."

निकिताने, म्हणजे आमच्या आयटीतल्या लेकीने, दिलेला कॅमेरा ह्यांच्या गळ्यात होता.

"अहो, नुसते डोंगर काढू नका. फोटोत मी आले पाहिजे."

"तू आल्यावर डोंगराला जागा उरेल का?"

ऊन कडक होतं. कर्वेनगरातली कुठलीही बाई स्कूटर काढताना करते तेच मी केलं. तोंड स्कार्फात गुंडाळलं, वर गॉगल. स्कार्फ विहीणबाईंनीच दिवाळीला दिलेला, पिवळाधमक, जांभळ्या फुलांचा. त्यावर तिथलं नारिंगी लाइफ जॅकेट.

वल्हं मारलं, होडी उजवीकडे वळली. पुन्हा मारलं, आणखी उजवीकडे. अशी गोल फिरत मी काठच्या लव्हाळ्यात घुसले ती तिथेच रुतले. मदतीसाठी हात हलवला. लांबून हे ओरडले, "वा! काय डौल आहे!" लग्नानंतरची पहिलीच तारीफ. मला भरून आलं.

शेवटी तिथल्या माणसाने दोरीने मला काठाला ओढलं.

"अगं, तू इथे?" हे दचकले. "मग ती कोण?"

तलावाच्या मधोमध एक बाई राजहंसासारखी चालली होती. स्कार्फ, गॉगल, नारिंगी जॅकेट. पुण्याचीच असणार. कॅमेऱ्यात सगळे फोटो तिचे.

"अहो, तिचा स्कार्फ निळा आहे!"

"स्कार्फला रंगही असतात होय?"

"पुन्हा बसतेस का?" असंही त्यांनी विचारलं. मी जॅकेट केव्हाच परत केलं होतं.

त्यातला एक फोटो मात्र फारच सुरेख होता. डोंगर, काठ, पाणी आणि ती. मी तो ग्रुपवर टाकला. (खोटं काहीही लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही.)

लगेच विहीणबाईंचं उत्तर आलं, 'कमाल केलीत हो! पण मागे झुडपात अडकून हात हलवतेय, ती बिचारी कोण?'

मी लिहिलं, 'असेल कुणीतरी. काही बायकांना हौस फार.'

'हो ना,' त्यांनी लिहिलं, 'पण तुमचा दिवाळीचा स्कार्फ तिच्याकडे कसा गेला?'