गारगोटीच्या मोटारीतला दरबार

राज्य टिकतं ते तलवारीवर नव्हे आणि तिजोरीवरही नव्हे. कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं असतं, म्हणून राज्य टिकतं. बैठक मोडली की राज्य मोडलं.

हा सिद्धांत मी कुठल्या ग्रंथात वाचलेला नाही. तो मला दस्तगीरचाचांनी सांगितला. त्या वेळी ते कोल्हापुरात वरुणतीर्थ वेशीजवळ एका मोटारीच्या पायरीवर उभे होते, मोटार सुरू होत नव्हती आणि बाकाखालून निसटलेली एक कोंबडी वकिलांच्या मांडीवर जाऊन बसली होती. तिची जागा कुठली, एवढं मात्र चाचांच्या बैठकीत ठरलेलं नव्हतं.

महाराजांचा अमल होता. जगातली पहिली मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि आमच्या भागात मोटार येऊन पोचली होती. मी गारगोटीच्या शाळेत मास्तर होतो. शनिवारी कोल्हापूरला घरी यायचं आणि सोमवारी सकाळी पहिल्या मोटारीनं परत जायचं, असा माझा क्रम. मोटारीचं इंजिन विलायतेचं होतं आणि वरचं खोकं मंगळवार पेठेतल्या सुताराचं. आत समोरासमोर दोन बाकं, पुढं ड्रायव्हरशेजारी गादीची एक जागा, मागं साखळीनं अडकवलेली फळी. बारा माणसं बसतात असं मालक सांगत. बसायची सोळा. सुतारानं मात्र खोकं करताना आठच माणसं डोळ्यांपुढं धरली असावीत, आणि तीही उपाशी.

दस्तगीरचाचा चाळीस वर्षं दरबारात चोपदार होते. हातात चांदीची काठी घेऊन दाराशी उभं राहायचं, येणाऱ्याचं नाव पुकारायचं आणि त्याला त्याच्या मानाच्या जागी नेऊन बसवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा काठी जमा करावी लागली. तिच्या जागी चाचांनी एक छत्री घेतली. ती छत्री मी कधी उघडलेली पाहिली नाही. एकदा भर पावसात मी तसं सुचवलं, तर म्हणाले, "मास्तर, काठी कुनी उघडतंय व्हय?"

दर सोमवारी ते आमच्याआधी येत. अंगरख्याला इस्त्री, कमरेला जुना लाल पट्टा. आपलं तिकीट काढत आणि मग मोटारीच्या पायरीवर उभे राहत. पुढं गारगोटीपर्यंत उभेच. एका हातात वरची दांडी, दुसऱ्या हातात छत्री. माणूस चढायला लागला की छत्री पायरीवर दोनदा आपटायची आणि ललकारी उठायची, "आस्ते कदऽम! पावणं, कंचं गाव? काय करतासा?" पावण्यानं उत्तर दिलं की चाचा क्षणभर डोळे मिटत आणि त्याची जागा जाहीर करत. हे काम त्यांना मालकानं दिलेलं नव्हतं, पोलिसांनी दिलेलं नव्हतं. पण अंगरखा, पट्टा आणि आवाज या तिन्ही गोष्टी एका माणसापाशी असल्या की आपल्याकडं अधिकारपत्र कुणी मागत नाही.

मला त्यांनी बसवलं होतं वकिलांच्या नंतर आणि तुपाच्या डब्यांच्या आधी. मला एकंदर मानपानाचा तिटकारा आहे. त्या तिटकाऱ्याचा या जागेशी काही संबंध नव्हता, असं मी बरीच वर्षं सांगत आलो.

दरबाराचे कायदे मोटारीला जसेच्या तसे लागू होते. कोपर म्हणजे हद्द. हद्द ओलांडली की छत्रीचं टोक कोपराला लागे. झोप ज्याची, खांदा त्याचा. पागोटं मोठं असेल तर मांडीवर घ्यायचं, कारण मागच्याला बाहेरचा मुलूख दिसला पाहिजे. पण सगळ्यांत कडक कायदा उठण्याचा. आमच्या लोकांना गाव अर्ध्या कोसावर दिसलं की उभं राहायची घाई. मोटार धावत असते आणि सोळा माणसं गाठोडी छातीशी धरून एकमेकांच्या पायांवर उभी असतात. चाचा गरजत, "खाली बसा! गादी उठल्याबिगर दरबार उठत न्हाई!" इथं गादी म्हणजे ड्रायव्हर गणपा. गणपानं भोंगा वाजवावा, चाक थांबवावं, खाली उतरावं, विडी पेटवावी. मग आम्ही उठायचं. गणपाही हळूहळू विडी पेटवायला वेळ लावू लागला होता.

एकदा एक भटजी चढले. शेजारी चपलांचं गाठोडं घेतलेला चांभार बसला होता. भटजींनी उपरणं आवरलं, अंग आवरलं आणि चाचांकडं बघून म्हणाले, "आम्हांला सोवळ्यात जायचं आहे."

"जावा की," चाचा म्हणाले. "सोवळं छपरावर जातंय, सामानासंगं. वारा बी शुद्ध हाय तितं."

भटजींनी छपराकडं पाहिलं. वर गुळाच्या ढेपा होत्या आणि एक बांधलेला बोकड होता. ते चांभाराशेजारी बसले. मुदाळ तिट्ट्यापर्यंत, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथपर्यंत, दोघांचं वहाणांच्या कातड्यावर चांगलं बोलणं झालं.

खरा पेच होता दोन पाटलांचा. एक वेदगंगा नदीच्या अल्याडचे आणि एक पल्याडचे. देवाच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून दोन्ही घरांत आज्यापासूनचं वैर. दोघांनाही ड्रायव्हरशेजारची गादीची जागा हवी. चाचांनी तोडगा काढला, की मुदाळ तिट्ट्यापर्यंत एकानं बसावं आणि तिथं मोटार थांबवून दुसऱ्यानं. पण मग लक्षात आलं की दोघांनाही दुसरी पाळीच हवी, कारण कोल्हापुरात त्यांना कोण ओळखतंय? गारगोटीत उतरताना लोक बघतात. शेवटी आठवड्याआड पाळी ठरली. दर सोमवारी तिट्ट्यावर मोटार थांबायची, एक पाटील राज्यावरून उतरायचे, दुसरे चढायचे आणि चाचा दोघांचीही नावं पुकारायचे. ऐकायला एक चहावाला आणि दोन म्हशी असत.

चाचांचं एकच चाललं नाही. ते तानूबाईपुढं. तानूबाई कोंबड्या-अंड्यांचा व्यापार करी, आणि बायकांसाठी दरबारात असतो तसा पडदा चाचांनी मोटारीत बांधला तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी तो सोडला आणि त्याच्या दोरीनं कोंबड्यांचे पाय बांधले. "लई दिस झालं, दोरी गावत नव्हती," एवढंच म्हणाली. चाचांनी पुन्हा पडदा आणला नाही.

एक गोष्ट मला कळत नसे. चाचांचं गारगोटीत काहीच काम नव्हतं. नातलग नाही, जमीन नाही. गारगोटीत उतरायचे, मशिदीत जाऊन यायचे आणि त्याच मोटारीनं परतीच्या लोकांना बसवत कोल्हापूर गाठायचे. मी एकदा विचारलंही. ते म्हणाले, "मास्तर, तुमची मोटार सुटतीया." मोटार सुटत नव्हती.

अशी दोन वर्षं गेली. मग एका सोमवारी मालक स्वतः वेशीजवळ येऊन उभे. पायरी निखळायला आली होती आणि लोहारानं तीनदा जोडून हात टेकले होते.

"चाचा," मालक म्हणाले, "आजपासनं पायरीवर कुनी न्हाई. कुनी पडलं म्हंजे माज्या गळ्यात. आत बसा, न्हाईतर घरात बसा."

चाचांनी आत पाहिलं. आम्हां सगळ्यांना त्यांनीच नुकतं बसवलेलं होतं.

"आत कुठं बसू?"

"कुठंबी बसा की!"

"कुठंबी म्हंजे जागा न्हवं, मालक."

मालकांनी कपाळाला हात लावला. त्यावर पुढून अल्याडचे पाटील ओरडले, "माज्या जागंवर या, चाचा!" लगेच आतून पल्याडचे पाटील उठले. "त्येच्या कशाला? माजी बी जागा हाय की हितं!" जागा सोडण्यावरून त्या दोन घरांत भांडण होण्याची ही पहिलीच वेळ असावी.

"पाटलांच्या जागंवर चोपदार बसला," चाचा शांतपणे म्हणाले, "तर पाटील कुठं बसनार? बोकडासंगं?"

मग मला राहवलं नाही. मी खाली उतरलो आणि माणसं सगळी सारखी असतात, हा नवा काळ आहे, मोटारीत राव आणि रंक एकाच वेगानं जातात, असं बरंच काही बोललो. बोलणं चांगलं झालं. वकिलांनी मान हलवली. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी आदी जागंवर बसा. खोळंबा व्हतोय."

मी बसलो. मालकांनी गणपाला खूण केली. गणपानं हँडल मारलं आणि एरवी वीस-वीस हिसके खाणारी ती मोटार नेमकी त्या दिवशी पहिल्या हिसक्याला सुरू झाली.

चाचा दोन पावलं मागं सरले. त्यांनी छत्री सरळ धरली आणि मोटारीला मुजरा केला. एकदा, दोनदा, तीनदा. आज मोटार त्यांच्यावाचून गेली तर पुढच्या सोमवारी ते येणार नाहीत, हे आत बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. सोळा माणसांत एरवी सोळाजण बोलायचे. त्या वेळी सोळाही जण आपापल्या गाठोड्यांच्या गाठी तपासत होते.

तानूबाईनं आपलं खुराडं बाकावरून उचलून मांडीवर घेतलं. कडेला वीतभर जागा झाली. मग बाहेर डोकं काढून, घरच्या माणसावर खेकसावं तशी ती खेकसली, "अवो, बसा आता!"

चाचा जागच्या जागी थांबले. त्यांच्या तोंडाकडं बघून मला वाटलं, ते चिडले. मग ते पुढं आले, पायरीला पाय न लावता फळीवरून आत चढले आणि त्या वीतभर जागेवर बसले. बसले तेही कडेवर, पाठ ताठ, छत्री दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी. मोटार निघाली. कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही. आमच्या मोटारीत एवढी अदब पूर्वी कधी पाळली गेली नव्हती.

कळंब्याचं तळं मागं पडल्यावर ते माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"चाळीस वर्सं हुबा होतो, मास्तर. घरी गेलो तरी सवय जात न्हाई. दाराशी जाऊन हुबा ऱ्हायचो. मग आतनं ती म्हनायची, 'बसा आता.' तवा बसायचो. रोजचं हुतं त्ये. तिनं म्हनायचं आनि म्या बसायचं."

मोटारीनं एक खड्डा घेतला. चाचांनी छत्री घट्ट धरली.

"मानमोडीची साथ आली, त्या तापात गेली ती. चार दिसांत. मागनं घरात बसायला जमंनाच की. कुनी बस म्हनल्याबिगर बसायचं कसं? भाकरी खातो ती बी चुलीम्होरं हुबा ऱ्हाऊन. मग म्हनलं, मोटारीवर जाऊ. हितं हुबं ऱ्हायाला कारन तरी हाय."

तानूबाई खुराड्यात बोट घालून कोंबडीशी काहीतरी करत होती. तिनं ऐकलं होतं, कारण तिचं बोट कोंबडी चोचीनं टोचत असूनही तिनं ते काढलं नाही. मग ती चाचांकडं न बघताच म्हणाली, "गारगोटीत मशिदीला जाताना भाकरीच्या टायमाला आमच्या दारावरनंच जातासा की. हाळी मारा. म्या सांगीन बसायला. गावाला सांगती, तुमास्नी सांगायला काय मोडतंय?"

"व्हय," चाचा म्हणाले. छत्रीची मूठ पुसून पुन्हा म्हणाले, "व्हय."

मी बाहेर बघत होतो. माझ्या मनात तेव्हा एक मोठा विचार आकार घेत होता. सगळ्या मुलखाला जागा दाखवणाऱ्या माणसाला स्वतःची जागा नसते. तो उभा असतो म्हणून बाकीचे बसू शकतात. आणि त्याच्या त्या उभं राहण्यात केवढं दुःख असतं, हे बसलेल्यांना कधी कळत नाही. वाक्यं अगदी तयार झाली होती. ती चाचांना ऐकवावीत म्हणून मी वळलो.

चाचांचा चेहरा हिरवट झाला होता. त्यांनी छत्रीनं दोनदा फळी ठोकली आणि आयुष्यात पहिल्यांदा गादी उठायच्या आधी दरबारातून उठले. गणपानं इस्पुर्लीच्या अलीकडं करकचून मोटार थांबवली. चाचा रस्त्याकडेला एका बाभळीशी जाऊन वाकले. एका बाजूनं अल्याडच्या पाटलांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं पल्याडच्या. पहिला हात कुणी लावला यावर दोघं काही बोलले नाहीत.

ते तोंड धुऊन आल्यावर मी विचारलं, "चाचा, बरं नाही का?"

"बरा हाय की. बसलं की मोटार लागती," ते म्हणाले. "पयल्या सोमवारी आत बसलतो, तवाच वकलो. तवापासनं पायरीवर."

"म्हणजे उभं राहायचं कारण हे होतं?"

चाचांनी पट्टा सारखा केला. "त्ये बी हाय, मास्तर, आनि ह्ये बी हाय."

त्यानंतर चाचा दर सोमवारी बसून आले. मागच्या फळीशी, तोंड बाहेर, नाकाशी लिंबू.