परबकाकांचा सिंथेसायझर

ऐन मे महिन्यात पाहुणा घरी आला की पंखा बंद करणारा यजमान मी एकच पाहिलाय. कांजूरमार्गला आमच्या शेजारी राहणारे परबकाका. पाहुणा घामाने निथळायला लागला की म्हणायचे, "जरा सोस हां. वारा लागलो की ह्याचो सूर सरकता."

'हा' म्हणजे अर्धा हॉल अडवून बसलेला जुना अ‍ॅनालॉग सिंथेसायझर. आजच्या कीबोर्डच्या पोटात कॉम्प्युटर असतो, याच्या पोटात नुसते कंडेन्सर आणि तारांचं जंजाळ. हवा जरा गरम-गार झाली की सूर हलला. काका एकेकाळी ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवायचे आणि हे मशीन तिथेच ते वाजवणाऱ्या जोसेफचं. मढला त्याच्या घरी समुद्राच्या खाऱ्या हवेत ते बंद पडून होतं. जोसेफच्या मुलीने "भंगारात देतेय, तुम्हाला हवंय का?" असा फोन केला, तसे काका टेम्पो घेऊनच गेले. जोसेफशी मात्र कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. का, विचारलं तर म्हणायचे, "मेलो ताल सोडून वाजवायचो."

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा त्यातून नुसतं 'घूंऽऽ' आलं. काकी आतून ओरडल्या, "घरात गिरण घातलास काय?"

काका खूश. "रडतंय म्हणजे जिवंत आहे!"

पॉवर सप्लायचे कंडेन्सर फुगले होते. ते बदलल्यावर घरघर थांबली आणि तिच्याबरोबर आवाजही थांबला. मग काकांनी सगळ्या पट्ट्या उपसल्या. खालचे पत्रे हिरवे पडलेले. कापसाच्या काड्या स्पिरिटमध्ये बुडवून ते एकेक पत्रा घासत बसले, लहान पोराचे कान साफ करावेत तसे.

लहानपणी मी पेटी शिकले होते, म्हणून आवाज परत आल्यावर सूर लावायला मला बोलावलं. फोनवर तानपुरा लावून मी घामाच्या धारांत बसायचे. काका स्क्रू फिरवायचे.

"लागला?"

"थोडा चढलाय."

"आता?"

"उतरला."

एकदा लागत आलेला सूर खालच्यांनी मिक्सर लावल्याबरोबर कोसळला. काका खिडकीतून गरजले, "बंद करा तो! चटणी मागाहून वाटा!"

शेवटी एका शनिवारी संध्याकाळी पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत सगळं झकास वाजलं. काकी ओल्या हातांनीच बाहेर येऊन ऐकत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काका रोज वाजवणार. पण ते म्हणाले, "उद्या टेम्पोने मढला पोचवायचंय. तू चल गं."

जोसेफ खुर्चीत बसून होता. उजवं अंग लुळं पडलेलं. मला हे तिथेच कळलं. मशीन समोर ठेवल्यावर त्याने डाव्या हाताने एक सूर दाबला, बराच वेळ धरून ठेवला.

"चढलाय."

"तुझे कान उतरलेत," काका म्हणाले.

नमस्कार-चमत्कार एवढाच. मग जोसेफ डाव्या हाताने काहीतरी वाजवत राहिला आणि काका शेजारच्या स्टुलावर बोटांनी ठेका धरून बसले. जोसेफ मध्येच ताल सोडायचा. काका मुकाट त्याच्या मागून जायचे.

वरची एक पट्टी मात्र मुकी निघाली. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हिला वेळ लागेल. पुढच्या रविवारी येऊन बघतो."

"ये," जोसेफ म्हणाला.

परतताना वर्सोव्याच्या होडीत मी म्हटलं, "काका, काल तर सगळ्या पट्ट्या वाजत होत्या."

"मीच सकाळी तिची तार काढली."

"का पण?"

"सगळा धडधाकट देवन टाकला, तर पुढच्या रविवारी काय म्हणान जाव? 'कसो आसस' म्हणान? आमचा तसला बोलणा नाय गो."

मग शर्टाच्या खिशातून बोटभर तार काढून त्यांनी मला दाखवली, आणि परत जपून आत ठेवली.