दर्शनाची थंडीची प्रॅक्टिस

भर मे महिन्यात, नारपोलीतली माणसं पत्र्याखाली बनियनवर बसून वारा घालून घेत असताना, आमच्या शेजारची दर्शना लोकरी स्वेटर, मफलर आणि पायात मोजे अशा थाटात नळावर पाणी भरायला यायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, पोरीला हिवताप भरला. मी गोळी घेऊन गेलो. ती घामाने निथळत होती, पण चेहरा एकदम प्रसन्न.

"ताप न्हाय काका. प्रॅक्टिस हाय," ती म्हणाली.

ही प्रॅक्टिस जर्मनीच्या थंडीची होती. दर्शनाला तिथे जाऊन कापडाच्या शास्त्रातली पुढची पदवी घ्यायची होती. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. वडील काल्हेरच्या गोडाऊनमध्ये माल चढवायचे-उतरवायचे, आई कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, सुताच्या कांड्या भरायची. दोघांची सही म्हणजे अंगठा. पण पोरगी जर्मनीला निघाली म्हटल्यावर दोघांनी एकदाही 'कशाला' असं विचारलं नाही. आईने फक्त एवढंच विचारलं, की तिकडे भाकरी मिळते का.

भाकरी मिळत नाही हे कळल्यावर दर्शना रात्री उकडलेला बटाटा आणि कोरडा पाव खायला लागली. तीही प्रॅक्टिस. रस्ता ओलांडायचीसुद्धा प्रॅक्टिस होती. तिकडे म्हणे माणूस कडेला उभा दिसला की गाडी आपोआप थांबते. म्हणून ही नाक्यावर हाताची घडी घालून उभी राहायची. कशेळीकडून येणाऱ्या कंटेनरवाल्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. एकदा पाऊण तास उभी होती. शेवटी मीच दंडाला धरून तिला पलीकडे नेलं, तर माझ्यावरच फुगली. "काका, तुमी माझी प्रॅक्टिस मोडलीत," म्हणाली. दोन दिवस बोलली नाही.

जर्मन भाषेचा अभ्यास ती लूमच्या खोलीत, आईशेजारी बसून करायची. त्या खडखडाटात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून चुकलं तरी लाज वाटत नाही, हे तिचं शास्त्र. विद्यापीठाची मुलाखत मोबाईलवर ठरली तेव्हा लूमवाल्या चाचांनी मोठ्या मनाने बाराच्या बारा लूम बंद केले. "बेटी का इंटरव्यू है, कोई खांसेगा भी नहीं," असं त्यांनी कारागिरांना बजावलं. गल्लीत अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत दर्शनाला एक शब्द सुचेना. दोन मिनिटांनी ती लूमच्या खोलीतून बाहेर आली. "चाचा, चालू करो. शांती में मेरे को कुछ सूझता नहीं." लूम चालू झाले, ती ओरडून ओरडून बोलली आणि पास झाली.

प्रवेश मिळाला. आता प्रश्न तिथे जाण्याच्या आणि राहण्याच्या खर्चाचा होता. आणि इथे या गोष्टीत मी शिरलो. शिरलो नसतो तर बरं झालं असतं.

मी एका शाळेत तीस वर्षं हेडक्लार्क होतो. फॉर्म भरणं हे माझं काम होतं आणि निवृत्तीनंतर ते व्यसन झालं. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही, आणि एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हा माझा बाणा. शाळेत एखाद्या पोराचे आईबाप अडाणी असले तर मी गुपचूप 'सातवी पास' लिहायचो. वर्गात फॉर्म हातोहात फिरतात, पोराला कुणी हसायला नको. याला मी माणुसकी समजत होतो.

मुंबईतल्या एका ट्रस्टकडून परदेशी शिकायला मदत मिळते असं दर्शनाला कळलं. ती फॉर्म छापून घेऊन आली. तीन दिवसांत पाठवायचा होता. वरच्या सूचनांचं पान मी बाजूला ठेवलं.

"काका, आधी ते वाचू का?"

"सूचना नवशिक्यांसाठी असतात. तू नाव सांग."

वडिलांचं शिक्षण विचारणारा रकाना आला. ती म्हणाली, "बाबा तिसरीतपण गेले न्हाईत. न्हाय म्हणूनच लिवा." मी हसलो. म्हटलं, "अगं, मोठी माणसं पैसे देतात ते घराणं बघून. तुला यातलं कळत नाही." आणि माझ्या मोत्यासारख्या अक्षरात मी तिच्या बापाला बी. ए. करून टाकलं. खाली 'वरील माहिती खरी आहे, असे सांगणारी प्रतिष्ठित व्यक्ती' अशी ओळ होती. तिथे मी झोकात सही ठोकली. नंतर पंधरवडाभर गल्लीत सांगत फिरत होतो, की पोरगी माझ्या सहीवर जर्मनीला चालली आहे.

महिन्याभराने स्वेटर दिसेनासा झाला. मी विचारलं, काय झालं? "कॅन्सल, काका. तिकडं ठंडी लय हाय. मना न्हाय जमणार."

मला हसूच आलं. एवढी प्रॅक्टिस करून थंडीला घाबरली, म्हणून मी तिची भरपूर थट्टा केली. तीही हसली. पुढे ती वडिलांच्याच गोडाऊनमध्ये नोकरीला लागली. तिथे औषधं ठेवायची थंड खोली आहे. त्या खोलीत दिवसभर मोजदाद करायला कुणी टिकेना, ही टिकली. स्वेटर पुन्हा अंगावर आला. मी म्हटलं, चला, प्रॅक्टिस वाया गेली नाही. हेही मीच म्हटलं होतं, ते आता आठवतं.

परवा तिची आई धाकट्या मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरून घ्यायला आली. कागदांची पिशवी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "रेशनकार्ड ह्यात असंल. मना काय वाचता येतंय? तुमीच बगा."

रेशनकार्डाच्या खाली ट्रस्टचं पत्र होतं. आमची मदत फक्त घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या मुलांसाठी आहे, तुमचे वडील पदवीधर असल्याने विचार करता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. माहिती चुकली असल्यास सही करणाऱ्या व्यक्तीने पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, असंही होतं. त्याखाली दर्शनाने पेन्सिलीने उत्तर लिहायला घेतलं होतं. 'आमच्या काकांनी' एवढंच लिहून ते खोडलं होतं.

माझं दार तिच्या दारापासून सहा पावलांवर आहे. तिने येऊन सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे खुलासा लिहिला असता, असं मला म्हणायचं आहे. पण त्या दिवसांत मी गल्लीत छाती काढून फिरत होतो आणि ते तिला दिसत होतं. माझी फजिती करण्यापेक्षा तिने जर्मनी सोडली. मला फार लाज वाटली. तिच्या आईसमोर डोळे पुसता येईनात, म्हणून चष्मा पुसत बसलो.

संध्याकाळी दर्शना ड्युटीवरून आली, स्वेटर हातावर टाकलेला. माझ्या टेबलावर पत्र बघून ती माझ्या दारातच थांबली.

"मी आजच लिहितो त्यांना," मी म्हणालो.

"आता नको काका. ते पैसे कवाच दुसऱ्या कुण्या पोरीला गेले असतील. तिचापण बाप अंगठेवालाच असंल."

तिने धाकटीचा फॉर्म उचलला. आईवडिलांच्या शिक्षणापुढे मी दोन्हीकडे 'नाही' लिहिलं होतं. त्यावरून तिने एकदा बोट फिरवलं.

"सूचना वाचल्यात?"

"दोनदा," मी म्हणालो.