एक वीत बाहेर

कोणत्याही सुस्थापित व्यवस्थेत माणसाची योग्यता तो काय करतो यावरून ठरत नाही. त्याने काय करायचे टाळले आणि त्या टाळण्याने किती जणांची सोय झाली, यावरून ठरते. या सिद्धांताचा फुटबॉलमधील निर्विवाद पुरावा म्हणजे अजिनाथ. व्यवसायाने स्ट्रायकर, मूळ लासूर स्टेशनजवळच्या एका वाडीचा, हल्ली मुक्काम उस्मानपुरा. अकरा वर्षे, नऊ संघ, चार गोल. (पैकी एक वाऱ्याने केला.)

घराणे मेंढपाळांचे. कळप भरकटू लागला की त्याचे वडील मल्हारराव पुढच्या मेंढीच्या नाकासमोर बरोबर एक वीत अंतरावर खडा टाकीत. खडा लागला तर मेंढी बिथरते. दोन वीत लांब पडला तर ती दखलच घेत नाही. ही विद्या अजिनाथच्या हातातून पायात उतरली. दुष्काळाने तिला राजाश्रय दिला.

ती वर्षे शहराच्या प्रगतीची होती. वसाहती चारी दिशांना वाढत होत्या, नळाला आठव्या दिवशी पाणी येत होते. (नव्या वसाहतींत नळ आले होते, पाणी यायचे होते.) मैदानांवर पाणी मारायला बंदी होती. अपवाद एकच: शहागंज ढाल स्पर्धा. तिच्या प्रत्येक सामन्याला धूळ बसवण्यासाठी दहा हजार लिटरचा एक टँकर मंजूर होता. पंच याह्या सर नियमाचे पक्के. मधल्या वर्तुळात एक आणि एका गोलसमोर एक अशा दोन बादल्या शिंपडायच्या, बुटाच्या टोकाने धूळ बसल्याची खात्री करायची, आणि उरलेले नऊ हजार नऊशे सत्तर लिटर सामना संपल्यावर प्रेक्षकांच्या स्वाधीन करायचे.

शहरात फुटबॉलची जी अभूतपूर्व लाट उसळली तिचे मूळ येथे आहे. प्रेक्षकांत स्त्रिया एकाहत्तर टक्के, हंडा किंवा कॅन बाळगणारे शंभर टक्के, ऑफसाइड म्हणजे काय हे जाणणारे शून्य टक्के. (यात दोन्ही लाइनमन धरले आहेत.)

स्पर्धेची नियमावली जुनी. पेनल्टी शूटआउट तिच्या कानावर आले नव्हते. बरोबरी झाल्यास सामना दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवावा, एवढेच तीत लिहिले होते. पुन्हा सामना म्हणजे पुन्हा टँकर. संघ बांधणारे जहांगीरभाई, ज्यांचे शहागंजात कुलपांचे दुकान होते, त्यांनी हे सर्वांआधी ओळखले.

"अज्जू, गोल मारनेवाले लई पडलेत," ते म्हणाले. "मला न मारणारा पायजे. पण मारतोय असं दिसलं पायजे. लोकांना इज्जत असते रे."

अजिनाथचा चेंडू खांबाबाहेरून एक वीत जाई. गोलरक्षक झेपावत, प्रेक्षक हळहळत, आणि हळहळतच रांगेत उभे राहत. एका बिल्डरने त्याला बोलावले, मग एका मंगल कार्यालयाच्या संघाने, मग दोन परस्परविरोधी नगरसेवकांनी एकाच हंगामात. मानधन: जेवण, बूट आणि दोन कॅन पाणी. (उरलेले तीन गोल त्याने नाइलाजाने केले. समोरच्या संघातील कोणी अविचारी माणूस गोल करून बसे, तो फेडावा लागे.)

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात अंतिम सामना चार वेळा बरोबरीत सुटला. पाचव्या सामन्याच्या वेळी अजिनाथपुढे एक कागद होता. क्रीडा कोट्यातून शिपायाची जागा. अट एक, विजेत्या संघाचे प्रमाणपत्र. त्याची वयोमर्यादा त्या महिनाअखेरीस संपत होती.

"आज घाला आत," सकाळी त्याची बायको शीला म्हणाली. "लई झाला धरम."

"व्हय," तो म्हणाला.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला समोरचा गोलरक्षक त्या दोन बादल्यांपैकी एकीच्या चिखलात घसरून पडला. चेंडू अजिनाथच्या पायाशी, पुढे रिकामी जाळी. जाळीमागे, रांगेत नेहमी पहिल्या असणाऱ्या सगीराआपा सहा हंडे मांडून बसल्या होत्या.

"अज्जू बेटा, नक्को रे," त्या शांतपणे म्हणाल्या. "परसों मेरी नौशीन का निकाह है. दोनशे माणूस जेवायला हाय."

अजिनाथने शीलाकडे पाहिले. तिच्या एका हातात अर्जाची फाइल होती. दुसऱ्या हातात दोन कॅन होते, रिकामे. तिने फक्त फाइल काखेत मारली आणि कॅनची झाकणे उघडली.

चेंडू एक वीत बाहेरून गेला.

परतताना ती एवढेच म्हणाली, "दोन्ही गच्च भरले. चला."

सहाव्या सामन्याच्या दिवशी पाऊस पडला. टँकर बंद झाले, अंतिम सामना रद्द झाला, विजेता कोणीच नाही. पुढच्या हंगामात तेच प्रेक्षक हात हलवत आले आणि अजिनाथचा पहिलाच फटका बाहेर जाताच त्याला आंधळा म्हणाले. जहांगीरभाईंनी नवा स्ट्रायकर आणला.

शिपायाच्या जागेच्या निवड समितीने मात्र सहृदयता दाखवली. स्ट्रायकर असून चारच गोल कसे, याचा त्याने लेखी खुलासा केला होता. समितीने तो वाचून ठराव केला, की मैदानावरचे पाणी घरी नेल्याचे पन्नास नागरिकांनी सहीनिशी कबूल केल्यास ही असाधारण क्रीडासेवा मानून वयाची आणि प्रमाणपत्राची अट शिथिल करावी. तशी नोटीस वर्तमानपत्रात आली. सामन्यांची सरासरी उपस्थिती चार हजार होती.

सही एक आली, सगीराआपांची. बाकीच्यांना, चौकशी केली असता, फुटबॉल मुळीच आवडत नसल्याचे आढळून आले.

अर्जाची मुदत समितीने खुली ठेवली आहे. अजिनाथ दर सोमवारी कचेरीत जाऊन सह्यांची यादी पाहतो. वाचकहो, त्या उन्हाळ्यात आपण शहरातच होता. उत्तरेच्या फाटकाजवळ, निळ्या कॅनच्या रांगेत. तेव्हापासून तो आपल्याला तोंडओळखीने जाणतो. एकोणपन्नास ओळी कोऱ्या आहेत. पण आपल्यालाही फुटबॉल आवडत नसणारच.