शिंकेसकट उत्तरपत्रिका

मदतवर्गाच्या बाईंनी आयुष्यात कुणाला इतक्या स्पष्ट सूचना दिल्या नव्हत्या, आणि तीच त्यांची चूक झाली.

"काका, मुलगी बोलेल ते लिहायचं. तिच्याच शब्दांत. एक शब्द कमी नको, एक जास्त नको. व्याकरणसुद्धा सुधारायचं नाही. कळलं ना?"

"हे मला सांगता?" काका म्हणाले. बाईंचे हे शेजारी चौतीस वर्षं कोर्टात साक्षी टिपून निवृत्त झाले होते. "माझ्यासमोर भलेभले बोलून अडकलेत."

खरं तर इथेच बाईंनी सावध व्हायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात त्या दिवशी फक्त दहावीतली ती मुलगी होती, जिला सगळी शाळा 'रेडिओ' म्हणायची. तोंडी विचारलं की रेडिओ अख्खा धडा घडाघडा समजावून सांगे. कागदावर मात्र तिची अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत, ओळीच्या ओळी गळत, आणि चाळीसपैकी नऊ गुण हातात येत. मोठ्या परीक्षेला तिला लेखनिक मिळावा म्हणून बाई वर्षभर अर्ज घेऊन फिरत होत्या. सगळ्या शिक्षकांच्या सह्या झाल्या होत्या. अडून बसले होते ते एकटे विज्ञानाचे सर.

"लेखनिक दिला की पेपर लेखनिकाचा आणि गुण मुलीचे," सर म्हणत. "माझ्या विषयाच्या या चाचणीत लेखनिक घ्या, उत्तरं तिचीच आहेत हे मला दाखवा, लगेच सही करतो. नाहीतर विषय संपला."

अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती, म्हणून हा सगळा घाट. मदतवर्ग म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली. तिथे काका आणि रेडिओ आत, दार बंद, आणि बाहेर बाईंच्या येरझाऱ्या. दीड तासाने रेडिओ बाहेर आली ती उड्या मारतच.

"बाई, सगळं आलं! आणि वेळेच्या आत संपलं!"

तिला पाणी प्यायला नेऊन, तिच्या तोंडून सगळी उत्तरं पुन्हा ऐकून बाई वीस मिनिटांनी आत गेल्या. काका टेबलावर आरामात बोटं मोडत बसले होते.

"पोरगी बोलते झकास," ते म्हणाले. "एक शब्द सोडला नाही मी. शिंकसुद्धा घेतली."

"घेतली म्हणजे?"

"नोंदवली."

बाईंनी हात पुढे केला. काकांनी पिशवीतून कागद काढले. "खाली कार्बन ठेवला होता. स्थळप्रत हवीच ना?"

बाई वाचू लागल्या.

'प्रश्न दुसरा. काका, पंखा कमी करता का? कागद उडतोय. हं. वितळतार कमी तापमानाला वितळते. विजेचा प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की आधी ती वितळते, परिपथ तुटतो आणि बाकीची उपकरणं वाचतात. आमच्या घरात हे काम आई करते. आऽक्छी. सॉरी काका. अय्या, तुम्ही हेपण लिहिताय? नका ना लिहू. प्रश्न तिसरा.'

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं, सुरेख होतं, आणि त्याच्या शेवटी लिहिलं होतं: 'हा धडा मी दादाकडून वाचून घेतला, कारण वर्गात सगळे झोपले होते. सरांना खूप येतं हो काका, पण आमच्या बाई म्हणतात ना, सरांच्या डोक्यातलं तोंडापर्यंत येता येता आटतं.'

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. एकदा मुलीची समजूत काढताना हे बोलून गेल्या होत्या खऱ्या.

"मूळ उत्तरपत्रिकेचं पाकीट कुठंय, काका?"

"तुमच्या शिपायाबरोबर सरांकडे रवाना. ही घ्या पोच. सरांची सही आहे."

साडीचा घोळ सावरत बाई धावल्या. शिक्षकांच्या खोलीत सर नव्हते. सर प्रयोगशाळेत, समोर उत्तरपत्रिका, हातात लाल पेन.

"सर, ते पाकीट चुकून कच्चं आलंय. पक्कं आणून देते हं."

"पोच घेऊन कच्चं?"

"नाही, म्हणजे, मधलं एक पान जरा..."

"तिसऱ्या प्रश्नाचं?" सर म्हणाले. "बसा."

बाई बसल्या. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "सर, बोलले ते मी बोलले. मला काय बोलायचं ते बोला. पण त्या पोरीच्या अर्जावरची सही अडवू नका हो. तिला सगळं येतं. फक्त हात साथ देत नाही, म्हणून दरवर्षी ती ढ ठरते. मला बघवत नाही ते."

सरांनी चष्मा काढला. "उत्तरं त्या काकांचीच निघणार असं मी धरूनच चाललो होतो. पण मला सांगा, कुठला लेखनिक स्वतःच्या मनाने शिंकेल? आणि तपासणाऱ्यालाच नावं ठेवील?" त्यांनी खणातून अर्ज काढला आणि झर्रकन सही केली. "तिचाच पेपर आहे. चाळीसपैकी चौतीस."

बाईंचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनीच त्यांनी तिसऱ्या प्रश्नाशेजारचा लाल शेरा वाचला: 'शेवटचे विधान खरे असावे. प्रश्नाशी संबंध नाही. गुण नाहीत.'

"एक विचारू?" सर जरा चाचरत म्हणाले. "ते काका उद्या माझ्या तासाला मागे बसतील का? मी नक्की काय बोलतो, ते एकदा मलाही वाचायचंय."

"बसतो की," दारातून आवाज आला. काका आले होते, आणि त्यांच्यामागे अर्जावरच्या सहीकडे बघत रेडिओ उभी होती, जन्मात पहिल्यांदा गप्प.

"फक्त एवढं आधी स्पष्ट करा," काका खिशातलं पेन काढत म्हणाले. "जांभया नुसत्या मोजायच्या, की कुणाची कोणती तेही लिहायचं?"